विश्लेषण : दहावीच्या तोंडी परीक्षेचे २० गुण नेमके काय मोजतात?

दहावीच्या लेखी परीक्षेआधी शाळाशाळांत भाषा विषयांची तोंडी परीक्षा ‘उरकली’ जाते. एका वर्गात साठ विद्यार्थी, हातात दोन-तीन तासिका आणि समोर कोरा गुणतक्ता. कुणी पाठ केलेले भाषण म्हणतो, कुणी पुस्तकातला उतारा वाचतो, कुणाला दोन प्रश्न विचारले जातात. बहुतेकांच्या नावापुढे साधारण सारखाच आकडा पडतो. शंभरपैकी २० गुणांचा निकाल असा लागतो. हे गुण ‘फुकटचे’ आहेत म्हणून राज्याने एकदा ते काढून टाकले आणि वर्षभरातच परत आणले. मात्र विद्यार्थ्याचे बोलणे मोजायचे कसे, हा मूळ प्रश्न तसाच राहिला. तो का सुटत नाही, इतर मंडळे आणि देश काय करतात आणि आपल्या वर्गात काय शक्य आहे, याचा हा आढावा.

हे २० गुण येतात कुठून?

राज्य मंडळाच्या दहावीत भाषा विषयांसाठी ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुणांचे शाळास्तरावरील मूल्यमापन अशी रचना आहे. लेखी उत्तरपत्रिका शाळेबाहेरचे परीक्षक तपासतात. २० गुण मात्र शाळेतले विषय शिक्षकच देतात. विद्यार्थ्याला ऐकलेले समजते का आणि समजलेले सांगता येते का, म्हणजे श्रवण आणि भाषण ही कौशल्ये पाहणे, हा तोंडी परीक्षेचा हेतू. लेखी पेपरातून ही कौशल्ये मोजताच येत नाहीत.

ही कल्पना खालच्या वर्गांना नवी नाही. राज्यात २०१०पासून लागू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात ‘तोंडी काम’ हे आकारिक मूल्यमापनाचे एक साधन आहे. पण आठवीपर्यंतच्या या गुणांवर प्रवेश अवलंबून नसतो. दहावीत अवलंबून असतो. उत्तीर्णतेची रेषा शंभरपैकी ३५ गुणांवर असताना त्यातले २० गुण शाळेच्या हातात असतील, तर ते ‘छोटे’ राहत नाहीत. आणि अकरावीच्या गुणवत्ता यादीत तर एकेका गुणावर महाविद्यालय बदलते.

२०१९मध्ये काय घडले?

शाळा तोंडीचे गुण सढळ हाताने देतात, हा आक्षेप जुना आहे. त्यामुळे २०१८-१९ या शैक्षणिक वर्षात दहावीच्या भाषा विषयांचे तोंडी गुण बंद झाले. मराठी, हिंदी, इंग्रजीचा पेपर पूर्ण १०० गुणांचा लेखी झाला. २०१८मध्ये ८९.४१ टक्के असलेला राज्याचा निकाल २०१९मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. एका वर्षात १२ टक्क्यांहून अधिक घसरण झाल्याने पालक आणि शाळांमध्ये मोठी नाराजी पसरली. केंद्रीय मंडळांच्या विद्यार्थ्यांना अंतर्गत गुण मिळतात आणि अकरावी प्रवेशासाठी तेही याच रांगेत उभे असतात, मग आमच्याच मुलांचे गुण का काढले, असा सवाल विचारला गेला.

जून २०१९मध्ये शालेय शिक्षण खाते विनोद तावडे यांच्याकडून आशिष शेलार यांच्याकडे आले आणि ऑगस्टमध्ये अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण परत आणण्याचा निर्णय झाला. पुढच्या वर्षी, २०२०मध्ये, निकाल ९५.३० टक्के लागला.

हे आकडे वाचताना एक काळजी घ्यायला हवी. २०१९ हे दहावीच्या नव्या पाठ्यपुस्तकांचे आणि बदललेल्या प्रश्नपत्रिकांचेही पहिलेच वर्ष होते. २०२०मध्ये करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरी गुण दिले गेले. त्यामुळे पूर्ण घसरण किंवा पूर्ण वाढ तोंडीच्या गुणांच्या खात्यावर टाकता येत नाही. तरीही एक गोष्ट स्पष्ट दिसते. गुण काढले तेव्हा आणि परत आणले तेव्हाही चर्चा निकालाच्या टक्केवारीवर झाली. मुले बोलायला शिकली का, यावर झाली नाही.

शिक्षक गुण का वाढवून देतात?

याला शिक्षकांची ‘उदारता’ म्हणणे सोपे आहे, पण अपुरे आहे. यामागे तीन कारणे आहेत.

• पुरावा राहत नाही : लेखी उत्तरपत्रिका पुन्हा तपासता येते, तिची छायाप्रत मिळते. तोंडी परीक्षा संपली की हवेत विरते. एखाद्याला ११ गुण दिले आणि पालकांनी जाब विचारला, तर शिक्षकाकडे दाखवायला काही नसते. १८ दिले तर कुणीच विचारत नाही.

• शेजारची शाळा देते : आपण काटेकोर राहिलो आणि दुसऱ्या शाळेने सगळ्यांना १९ दिले, तर नुकसान आपल्याच मुलांचे. प्रत्येक शाळा असाच विचार करते आणि सगळ्यांचे गुण एकत्र वर सरकतात.

• शाळेचा निकाल : ज्या शाळेची पत दहावीच्या टक्केवारीवर ठरते, त्याच शाळेला २० गुण द्यायला सांगितले आहेत. परीक्षार्थी आणि परीक्षक एकाच बाकावर बसले आहेत.

गुण सगळ्यांना सारखेच मिळाले, तर ते कुणाचेच काही सांगत नाहीत. उत्तम बोलणारी मुलगी आणि एक वाक्यही धड न बोललेला मुलगा यांच्यात एका गुणाचा फरक असेल, तर मुलीच्या मेहनतीची किंमत शून्य होते. आणि मुलाला कुठे सुधारायचे, हे कधीच कळत नाही. दुसरे नुकसान अधिक मोठे आहे. हाच मुलगा पुढे पदविकेच्या किंवा इंजिनिअरिंगच्या व्हायवाला, मग नोकरीच्या मुलाखतीला बसतो, तेव्हा तिथे २०पैकी १८ देणारे कुणी नसते.

बोलणे मोजणे इतके अवघड का?

समजा, सगळ्या शिक्षकांनी प्रामाणिकपणे गुण द्यायचे ठरवले. तरी अडचण संपत नाही. ऐकणाऱ्याचे मन हे काही वजनकाटा नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२०मध्ये ‘हेलो’ परिणामाबद्दल लिहिले. एखाद्याचा एक गुण आवडला की त्याचे बाकीचे गुणही आपोआप चांगले वाटू लागतात. वर्गात हे रोज घडते. नीटनेटका गणवेश, मोठा आवाज, वर्गातला पहिला-दुसरा क्रमांक या सगळ्याची सावली भाषणाच्या गुणांवर पडते. हजेरी क्रमांक एकचे भाषण ऐकणारा शिक्षक ताजातवाना असतो, क्रमांक ५५ ऐकताना कंटाळलेला असतो.

महाराष्ट्रात यात आणखी एक पदर आहे, तो बोलीचा. घरी वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी किंवा झाडीबोली बोलणारे मूल प्रमाण मराठीत सादरीकरण करताना अडखळते. गोंडी, कोरकू, पावरी बोलणाऱ्या मुलांसाठी तर मराठी हीच दुसरी भाषा असते. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाचा मुद्दा बरोबर असला, तरी ऐकणाऱ्याच्या मनात गुण कापले जातात. अशा वेळी आपण विचार मोजतो आहोत की मुलाचे घर, हे परीक्षकाला स्वतःलाही कळत नाही.

निकषतक्ता काय बदलतो?

यावर जगभर वापरला जाणारा उपाय म्हणजे निकषतक्ता, ज्याला अनेक शाळांत ‘रुब्रिक’ म्हणतात. ‘भाषण कसे वाटले?’ या एका प्रश्नाचे चार वेगळे प्रश्न करायचे आणि प्रत्येक गुणाचा अर्थ आधीच लिहून ठेवायचा. २० गुणांसाठी साधी विभागणी अशी करता येईल :

• आशय (५) : माहिती बरोबर आहे का, स्वतःचे निरीक्षण किंवा उदाहरण आहे का?
• मांडणी (५) : सुरुवात, क्रम आणि शेवट लक्षात येतो का?
• श्रोत्यांशी संवाद (५) : शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येते का, वेग योग्य आहे का, कागदातून मान वर होते का?
• प्रश्नोत्तरे (५) : विचारलेल्या प्रश्नाला स्वतःच्या शब्दांत उत्तर देता येते का?

नुसती शीर्षके पुरत नाहीत. आकड्यांचा अर्थही ठरलेला हवा. उदाहरणार्थ, प्रश्नोत्तरांत पाच म्हणजे प्रश्न समजून घेऊन कारण किंवा उदाहरणासह उत्तर. तीन म्हणजे उत्तर बरोबर, पण त्रोटक. एक म्हणजे भाषणातलेच वाक्य पुन्हा म्हणणे.

आता दोन काल्पनिक विद्यार्थी घेऊ. विषय आहे ‘आमच्याकडे पाणी कुठून येते?’ पहिला विद्यार्थी जलसंवर्धनावरचे पाठ केलेले भाषण खणखणीत आवाजात, शुद्ध उच्चारांत म्हणतो. सुविचार आहेत, घोषणा आहे, शेवटी टाळ्याही आहेत. ‘तुझ्या घरी पाणी कुठून येते?’ असे विचारल्यावर तो गप्प होतो. दुसरी विद्यार्थिनी बोलीत, थोडी थांबत सांगते, की गावची विहीर उन्हाळ्यात आटते, मग टँकर येतो आणि टँकरच्या दिवशी वर्गातल्या कोणत्या मुली गैरहजर असतात. तिला तीन प्रश्न विचारले जातात आणि तिन्हींची उत्तरे ती देते.

फक्त ‘कसे वाटले’ यावर गुण दिले, तर पहिल्याला १८ आणि दुसरीला १३ मिळणे सहज शक्य आहे. तक्त्यानुसार पहिल्याला आशय ३, मांडणी ४, संवाद ४, प्रश्नोत्तरे १ असे १२ गुण मिळतील. दुसरीला आशय ५, मांडणी ३, संवाद ३, प्रश्नोत्तरे ५ असे १६. क्रम उलटला. शिवाय दोघांनाही नेमके काय सुधारायचे, हे कळले. त्याने स्वतः विचार करून बोलायचे आणि तिने मांडणी घट्ट करायची.

प्रमाण भाषेला यात जागा नाही का? आहे. पण ती किती, हे आधी ठरवून लिहायला हवे. उच्चारांसाठी स्वतंत्र दोन गुण ठेवले, तर बोली बोलणाऱ्या मुलाचे जास्तीत जास्त दोन गुण जातील. काहीच लिहिले नाही, तर चारही रकान्यांत थोडे थोडे कापले जातील आणि ते कुणाला दिसणारही नाही.

इतर ठिकाणी काय होते?

सीबीएसई : नववी-दहावीत २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन चार भागांत विभागले आहे. नियतकालिक चाचण्या, विविध पद्धतींचे मूल्यमापन, पोर्टफोलिओ आणि विषय समृद्धी उपक्रम, प्रत्येकी पाच गुण. भाषा विषयांत बोलण्या-ऐकण्याची कौशल्ये शेवटच्या भागात येतात. म्हणजे बोलण्याचे थेट वजन कमी, पण ते वर्षभराच्या कामात मिसळलेले.

इंग्लंड : तिथली गोष्ट आपल्या २०१९च्या जवळची आहे. जीसीएसई इंग्रजीत बोलण्या-ऐकण्याला २० टक्के वजन होते आणि गुण शाळेतले शिक्षकच देत. शाळांचे गुण एकमेकांशी जुळतात याची खात्री देता येत नाही, असे म्हणत ऑफक्वल या परीक्षा नियामक संस्थेने २०१३मध्ये ते अंतिम श्रेणीतून काढण्याचा निर्णय घेतला आणि २०१४च्या परीक्षेपासून तो लागू झाला. मात्र त्यांनी मूल्यमापनच बंद केले नाही. विद्यार्थी आजही सादरीकरण करतो, प्रश्नांना उत्तरे देतो आणि त्याच्या प्रमाणपत्रावर ‘पास’, ‘मेरिट’ किंवा ‘डिस्टिंक्शन’ असा वेगळा शेरा येतो. नमुन्यादाखल काही सादरीकरणांची ध्वनिचित्रफीत शाळेला परीक्षा मंडळाकडे द्यावी लागते. यावरचा आक्षेपही तितकाच खरा आहे. वजन काढले की शाळांचे लक्षही कमी होते. शिवाय प्रमाण इंग्रजीत बोलण्याची अट असल्याने बोलीचा वाद तिथेही आहेच.

फ्रान्स : उलट दिशेने गेलेला देश. बारावीच्या समकक्ष बाकालोरेआ परीक्षेत २०२१पासून ‘ग्राँ ओरल’ ही मोठी तोंडी परीक्षा सुरू झाली. विद्यार्थी आपल्या विषयांवर दोन प्रश्न तयार करून येतो, परीक्षक त्यातला एक निवडतात. २० मिनिटे तयारी आणि २० मिनिटे दोन शिक्षकांच्या मंडळापुढे परीक्षा. गुण २०पैकीच. बोलण्याची शैली, ज्ञान, युक्तिवाद आणि संवाद यांचे निकष परीक्षकांना आधीच दिलेले असतात.

तिन्ही ठिकाणांची उत्तरे वेगळी आहेत, पण इंग्लंड आणि फ्रान्समध्ये एक गोष्ट समान आहे. एकट्या शिक्षकाच्या शब्दावर सगळे सोडलेले नाही. एका ठिकाणी ध्वनिचित्रफीत आहे, दुसऱ्या ठिकाणी दुसरा परीक्षक. आपल्याकडे दोन्ही नाहीत.

साठ मुलांच्या वर्गात वेळ कुठून आणायचा?

शिक्षकांचा सर्वांत रास्त प्रश्न हाच आहे. हिशोब करून पाहू. एका विद्यार्थ्याला चार मिनिटे सादरीकरण आणि दोन मिनिटे प्रश्न धरले, तर साठ जणांसाठी ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास लागतात. ३५ मिनिटांच्या दहापेक्षा जास्त तासिका झाल्या. तीन तुकड्या असतील तर अठरा तास. फेब्रुवारीच्या दोन आठवड्यांत हे अशक्य आहे, म्हणून ते ‘उरकले’ जाते.

हेच काम जून ते जानेवारीत, साधारण २५ आठवड्यांत पसरवले तर? एका तुकडीतले आठवड्याला दोन किंवा तीन विद्यार्थी. म्हणजे आठवड्यातली १२ ते १८ मिनिटे. एका तासिकेचा अर्धा भाग. ऐकणारी मुले रिकामी बसणार नाहीत, तीच प्रश्न विचारतील आणि त्यातून त्यांचे श्रवणही तपासले जाईल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मध्ये प्रगतिपत्रकात स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायींच्या मूल्यमापनाला जागा द्यायला सांगितले आहे. त्याची सुरुवात इथून होऊ शकते. अर्थात मित्रांनी दिलेला अभिप्राय सुधारणेसाठी वापरावा, मंडळाच्या गुणांत धरू नये.

राहिला प्रश्न विश्वासाचा. प्रत्येक शाळेने उच्च, मध्यम आणि कमी गुणांची मोजकी सादरीकरणे ध्वनिमुद्रित करून ठेवली आणि मंडळाने काही शाळांची यदृच्छया तपासणी केली, तरी फरक पडेल. आपली फीत कुणीतरी ऐकू शकते, एवढी जाणीवही गुण देणाऱ्याचा हात आवरते. त्याआधी एका शाळासंकुलातल्या भाषा शिक्षकांनी एकत्र बसून तीच तीन भाषणे ऐकावीत, स्वतंत्रपणे गुण द्यावेत आणि फरक का पडला यावर बोलावे. मोजण्याचे कोणतेही उपकरण वापरण्याआधी कॅलिब्रेट करतात, तसेच हे.

ध्वनिमुद्रणाबाबत एक इशारा आवश्यक आहे. मुलांच्या चित्रफिती पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरता कामा नयेत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३मध्ये १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व आहे. गुणांच्या पडताळणीसाठी बहुतेक वेळा चेहरा लागतही नाही, आवाज पुरतो.

अडखळणाऱ्या मुलांचे काय?

निकष कडक झाले की सर्वांत आधी भीती वाटते ती तोतरे बोलणाऱ्या, लाजाळू किंवा गर्दीसमोर घाम फुटणाऱ्या मुलांना. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६मधील २१ प्रकारांत वाचा व भाषा दिव्यांगत्वाचा समावेश आहे. अशा मुलांना सवलत देणे ही कृपा नाही. पण प्रमाणपत्र नसलेली, नुसती घाबरणारी मुलेही प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्यासाठी पूर्ण वर्गाऐवजी पाच जणांच्या गटासमोर बोलणे, जास्त वेळ देणे, तक्ता किंवा चित्र हातात ठेवू देणे, एकदा बिनगुणांची रंगीत तालीम करू देणे हे उपाय बिनखर्चाचे आहेत. चारपैकी तीन निकष विचारांचे आणि उत्तरांचे असतील, तर अडखळण्याचा फटका एकाच रकान्यापुरता राहतो. वर्षभरात दोन संधी आणि त्यातली चांगली ग्राह्य, असे केले तर भीती आणखी कमी होईल.

आता हे इतके महत्त्वाचे का?

गृहपाठ, निबंध आणि प्रकल्पाची वही यांवर शिक्षक आजवर विसंबून होते. आता मोबाइलवरचे एआय चॅटबॉट हे सगळे काही सेकंदांत लिहून देतात. भाषणाची संहिताही देतात. पण समोर उभे राहून ‘हे तू का म्हणालास?’ या प्रश्नाला उत्तर त्या मुलालाच द्यावे लागते. म्हणून तोंडी परीक्षेचा खरा गाभा पाठ केलेली चार मिनिटे नाहीत, नंतरची दोन मिनिटे आहेत. नेमकी तीच आज सर्वांत आधी कापली जातात.

पालक काय विचारू शकतात?

मंडळाकडून नवे नियम येण्याची वाट न पाहता पालकसभेत तीन प्रश्न विचारता येतील. तोंडी गुणांचे निकष काय आहेत आणि ते मुलांना आधी दिले आहेत का? वर्षभरात माझ्या मुलाला बोलण्याची किती वेळा संधी मिळाली? त्याला १५ मिळाले असतील, तर पाच कुठे गेले? तिसऱ्या प्रश्नावर शाळेने उत्तर देण्याऐवजी ‘मग १८ करून देतो’ असे म्हटले, तर तोंडी परीक्षा झालेलीच नाही, असे समजावे.